कादंबरीचा नकाशा : आधी मजल मोजा, मग डोंगर काढा

काल्पनिक जगाची कादंबरी लिहिणारे बहुतेक जण नकाशाची सुरुवात किनाऱ्यापासून करतात. छान वेडावाकडा किनारा, दोन-चार बेटं, मध्ये डोंगररांग. चित्र देखणं होतं. मग सातव्या प्रकरणात नायक तीन दिवसांत जिथे पोचतो ती जागा नकाशावर तीन आठवड्यांच्या अंतरावर निघते. म्हणून पहिला नकाशा पेन्सिलीचा आणि कुरूप असावा. त्यात जमीन नकोच. फक्त गावांचे ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेघा आणि प्रत्येक रेघेवर दिवसांचा आकडा.

या आकड्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे : मजल, म्हणजे एका दिवसाची चाल. सपाटीवर पायी माणसाची मजल २५ ते ३० किमी धरा, लादलेल्या बैलगाडीची १५ ते २०, लांबच्या प्रवासात घोड्याची ४० ते ५०. घाट चढायचा असेल तर निम्मी करा. सैन्य त्याच्या सर्वांत मंद गाडीच्या वेगानं चालतं, हे युद्धकथा लिहिणारे हमखास विसरतात. शिडाचं जहाज अनुकूल वाऱ्यात ताशी ८ ते १० किमी जातं, पण रात्रीही चालतं, त्यामुळे किनाऱ्यालगत जहाजानं जाणारा माणूस बैलगाडीवाल्याला सहज मागे टाकतो. मात्र पावसाळ्यात समुद्र बंद. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवायचे, तसा ऋतू तुमच्या जगालाही हवा. मग एकाच रेघेवर दोन आकडे येतात, उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा. निम्मं कथानक तिथेच सुचतं.

आता प्रमाण. मराठी कादंबरीचं डेमी पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. समास सोडले की रुंदीला ११ सेंमी उरतात. एक सेंमी म्हणजे एक मजल धरली तर एका पानावर अकरा मजला मावतात, म्हणजे पावणेतीनशे किमी. एवढ्यात एक राज्य नीट बसतं, साम्राज्य बसत नाही. साम्राज्य हवं असेल तर सेंमीला तीन मजला घ्या आणि गावांची संख्या निर्दयपणे कमी करा. रस्ता सरळ नसतो, म्हणून पट्टीनं मोजलेल्या अंतराला सपाटीवर सव्वापट आणि डोंगरात किमान दीडपट करायचं.

ठिपके पक्के झाले की किनारा. हात सवयीनं एकसारख्या नागमोडी रेघा काढतो आणि त्या खोट्या दिसतात. उपाय स्वयंपाकघरात आहे : कागदावर मूठभर मसूर टाका, बोटानं थोडी सरकवा, ठिपके आत येतील असं बघा आणि ढिगाच्या कडेनं पेन्सिल फिरवा. बाहेर उडालेले दाणे म्हणजे बेटं. तांदूळही चालतो, पण कड फार बारीक येते.

नद्यांच्या बाबतीत मात्र कल्पनाशक्तीला सुट्टी द्या. उपनद्या येऊन मिळतात. नदी खाली जाताना फाटत नाही. फाटे फुटतात ते मुखाशी, जशी गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली फुटते. तळ्यात कितीही ओढे येवोत, बाहेर जाणारी वाट सहसा एकच. आणि नदी जवळच्या समुद्राकडेच जाईल असं मुळीच नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, अरबी समुद्रापासून सुमारे ८० किमीवर, आणि १,४६५ किमी चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पठार कुठे कललंय ते आधी ठरवा, नद्या आपोआप सुचतील.

डोंगरही शोभेला नसतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी पाऊस पडतो आणि सरळ रेषेत जेमतेम शंभर किमीवरच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. वारा कुठून येतो तो बाण नकाशाच्या कोपऱ्यात काढून ठेवा. रांगेच्या वाऱ्याकडच्या बाजूला जंगल, भात, लाकडी घरं. पलीकडे माळरान, ज्वारी, मेंढरं. मग खिंडी ठरवा, कारण व्यापार तिथूनच जातो आणि पैसा तिथेच साठतो. नाणेघाटाच्या वर जुन्नर आहे, खाली कोकणात कल्याण आणि सोपारा ही जुनी बंदरं. खिंडीच्या दोन्ही टोकांना बाजारपेठ आणि डोक्यावर किल्ला, एवढं केलं तरी नकाशा खरा वाटू लागतो. चढउतार डोळ्यांत बसायला सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा एखादा सह्याद्रीचा नकाशा उघडून समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) वाचायची सवय लावा.

नावांवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा असं माझं स्पष्ट मत आहे. देवनागरीत ‘झ्’खार्थ’ लिहून कुणाचंही भलं होत नाही. आपल्या गावांच्या नावांत इतिहासाचे थर दिसतात : बोरिवली-डोंबिवलीतली ‘वली’, संगमनेर-पारनेरमधलं ‘नेर’, मग ‘खेड’, ‘वाडी’, ‘पूर’, ‘आबाद’. एकाच नावाची दोन गावं असली की मोठं बुद्रुक आणि लहान खुर्द, दोन्ही शब्द फारसीतून आलेले. हीच युक्ती उचला, प्रत्यय मात्र तुमचे घडवा. जुन्या लोकांचे दोन प्रत्यय, नंतरच्या जेत्यांचा एक, आणि जेत्यांचा प्रत्यय फक्त नदीकाठी नि हमरस्त्यावर. वाचक ते थर उलगडून सांगणार नाही, पण त्याला जाणवतील.

आता संगणक. इंकस्केप हा रेखाचित्रांचा प्रोग्रॅम फुकट आहे आणि या कामाला पुरेसा आहे. पेन्सिलीचा नकाशा ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून सर्वांत खालच्या थरात कुलूपबंद ठेवा; वर किनारा, नद्या, डोंगर, रस्ते, नावं असे वेगळे थर. किनारा दीड पॉइंट (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग), नदी उगमाशी ०.४ आणि मुखाशी १.२, रस्ता तुटक रेघेचा. पाव पॉइंटाहून बारीक रेघ छपाईत उडते. डोंगराला उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून, सावली उजवीकडे, आणि हे शेवटच्या डोंगरापर्यंत पाळायचं.

नकाशांसाठीचे खास प्रोग्रॅम सुंदर डोंगर देतात, पण त्यांतल्या काहींत देवनागरी मोडते. विकत घेण्याआधी ‘क्षितिजदुर्ग’ आणि ‘निर्झर’ टाइप करून पाहा. ऱ्हस्व इकार चुकीच्या अक्षराला चिकटला किंवा रफार सुटला तर तिथून नावांशिवाय चित्र बाहेर काढा आणि नावं इंकस्केपमध्ये घाला.

इंग्रजी नकाशांची नक्कल खरी फसते ती इथे. तिकडे प्रदेशाचं नाव अक्षरं लांब लांब पसरून लिहितात. आपण तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. मोठ्या प्रदेशाचं नाव पसरायचं नाही. टाइप मोठा आणि रंग फिका करायचा. वक्ररेषेवर लिहिताना वळण अगदी हलकं ठेवा, नाहीतर शिरोरेघेच्या पायऱ्या होतात. नदीचं नाव वळणावर बसवू नका, सरळ पट्टा शोधा. टाइप आठ पॉइंटाखाली नको, कारण जोडाक्षरांची पोटं शाईनं भरतात. रेघांवरून जाणाऱ्या नावाला पांढरी कड लागते. ती त्याच मजकुराला दिली तर पुढच्या अक्षराची कड मागच्याची शिरोरेघ कापू शकते. म्हणून नावाची प्रत काढायची, खालच्या प्रतीला दोन पॉइंटांची पांढरी रेघ, वरची तशीच.

छापखान्यात पाठवण्याआधी फाइलची एक प्रत करा आणि त्या प्रतीत सगळा मजकूर रेषाकृतीत बदला, म्हणजे अक्षरं फॉन्टवर न विसंबता नुसते आकार होतात. मराठी डीटीपीत अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात. तुमचा फॉन्ट तिथे नसला की नावांच्या जागी चौकोन येतात. मूळ फाइल जपा, कारण दुसऱ्या आवृत्तीत एखादं गाव जळालेलं असतं.

नकाशा दोन पानांवर पसरणार असेल तर शिवणीच्या दोन्ही बाजूंना १० ते १२ मिमी काहीही महत्त्वाचं ठेवू नका. राजधानी हटकून तिथेच येते. कापणीत जाईल म्हणून कडेला ३ मिमी जादा चित्र सोडा. काळ्या रेघांचं काम ६०० डीपीआयला, म्हणजे दोन पानांना ६,६०० बाय ५,१०० पिक्सेल, कडेचं जादा त्याहून वेगळं. मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा बिनलेपाचा कागद, शाई पितो, त्यामुळे पडद्यावरची ३० टक्के करडी छटा कागदावर चांगलीच गडद येते. समुद्राला १० ते १५ टक्के पुरे. ईबुकसाठी तोच नकाशा लहान करून टाकू नका, चार तुकडे करून चार पानांवर द्या. आणि संपादकाला हस्तलिखितासोबत नकाशा नव्हे, तो मजलांच्या आकड्यांचा कुरूप पेन्सिली कागद द्या. चुका त्यावरच सापडतात.