मागच्या चाकांवर ३४० घोडे आणि बर्फाचा घाट: म्युनिक ते एंगाडिन

म्युनिकमध्ये दमदार इंजिनाची, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी घेतलेल्या मराठी मंडळींकडून ऑक्टोबर उजाडला की एक प्रश्न हमखास येतो: हिवाळ्यात ही गाडी डोंगरात न्यायची, की झाकून ठेवायची आणि भाड्याची फोर व्हील ड्राइव्ह काढायची? माझं मत पक्कं आहे. न्यायची. मात्र आधी टायरवर नीट विचार करून पैसे घालायचे, कारण बर्फावर गाडीचा स्वभाव इंजिनापेक्षा टायर जास्त ठरवतो.

जानेवारीच्या शेवटी आम्ही म्युनिकहून गार्मिश, फर्नपास, लांडेक, मार्टिना असं करत स्वित्झर्लंडच्या एंगाडिन खोऱ्यात गेलो, तिथून बर्निना खिंड चढून उतरलो आणि युलियर खिंड ओलांडून कूर, ब्रेगेन्झमार्गे परत आलो. गाडी माझी बीएमडब्ल्यू एम२४०आय: तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३४० अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर टॉर्क, सगळं मागच्या दोन चाकांवर. सोबत पुण्याहून आलेला धाकटा भाऊ. त्याने बर्फातली गाडी एकदाच पाहिली होती, सोलांगच्या रस्त्यावर चाकांना साखळ्या बांधलेली टॅक्सी.

टायरची गोष्ट आधी, कारण प्रवासाचं निम्मं यश तिथेच ठरलं होतं.

उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. परफॉर्मन्स गाडीवर जे मऊ, कोरड्या रस्त्याला चिकटून धावणारे उन्हाळी टायर येतात, त्यांच्या बाबतीत हा फरक जास्तच जाणवतो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फात रुततात, खाचांमध्ये बर्फ दाबून भरतो, आणि तो भरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. म्हणून खाचा पांढऱ्या दिसल्या की घाबरून त्या खरवडत बसू नका. टायर त्याचं काम करतोय.

जर्मनीत आता फक्त 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेला टायर हिवाळी म्हणून चालत नाही. ती सवलत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह हवंच. तारखांची सक्ती नाही, पण रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असताना चुकीच्या टायरवर सापडलात तर ६० युरो दंड आणि चालकाच्या नोंदीत एक दंडाचा पॉइंट. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ किंवा चिखलबर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचा आहे आणि नक्षीची खोली किमान ४ मिलिमीटर लागते. जर्मनीतली १.६ मिलिमीटरची मर्यादा डोक्यात ठेवून सीमा ओलांडणारे इथे अडकतात. स्वित्झर्लंडमध्ये सरसकट सक्ती नाही, पण अपघात झाला तर टायरवरून जबाबदारी तुमच्या अंगावर येऊ शकते.

आता मापाबद्दल. माझ्या गाडीला उन्हाळ्यात पुढे २२५ आणि मागे २४५ मिलिमीटर रुंदीचे अठरा इंची टायर असतात. हिवाळ्यासाठी मी चारही चाकांना एकच माप घेतलं, आणि तेही गाडीच्या हँडबुकमधल्या यादीतलं सर्वांत अरुंद. कारणं तीन. ताज्या बर्फात आणि विशेषतः पाणी मिसळलेल्या चिखलबर्फात रुंद टायर तरंगतो, अरुंद टायर खाली रस्त्यापर्यंत पोचतो. छोट्या रिमवर रबराची भिंत उंच असते, त्यामुळे बर्फाखाली लपलेला खड्डा रिमला लागत नाही. तिसरं कारण साखळीचं आहे. बऱ्याच ताकदवान गाड्यांत मागच्या चाकाभोवती जागाच इतकी कमी असते की रुंद टायरवर साखळी चढवायला कंपनी परवानगी देत नाही. हँडबुकमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं असतं. टायर घेण्याआधी ते पान वाचा, कारण नंतर साखळी सक्तीची आहे सांगणाऱ्या फलकापाशी उभं राहून वाचून काही उपयोग नाही. छोटी रिम घेताना मोठ्या ब्रेकच्या कॅलिपरवर (चकती दाबणाऱ्या चिमट्यावर) ती बसते का, हेही याच यादीत कळतं.

ब्रँडवरून वाद घालणारे पुष्कळ भेटतात. मिशलिनचा पायलट अल्पिन ५, कॉन्टिनेन्टलचा विंटरकॉन्टॅक्ट टीएस ८७० पी, ब्रिजस्टोनचा ब्लिझाक एलएम००५ हे एकाच जातीचे टायर आहेत: मध्य युरोपाच्या हिवाळ्यासाठी, म्हणजे बराच वेळ ओला थंड ऑटोबान (जर्मन महामार्ग) आणि मधूनमधून बर्फ. माझ्या मापात ब्लिझाक सहज मिळाला, तो घेतला. दुसरी जात नॉर्डिक टायरची, उदाहरणार्थ नोकियनचा हाक्कापेलिट्टा आर५. नोकियन ही फिनलंडची कंपनी १९३४ पासून हिवाळी टायर बनवते आहे. बर्फावर आणि गोठलेल्या पाण्यावर हे टायर उत्तम धरतात, पण इतके मऊ असतात की ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की गाडी लांब जाते, आणि त्यांची वेगमर्यादाही कमी असते. युरोपीय लेबलवर हिमकणाच्या चिन्हाशेजारी गोठलेल्या बर्फाचं वेगळं चिन्ह दिसलं तर तो बहुधा या जातीचा टायर समजा. तुम्ही म्युनिकला राहता आणि मोसमात काही वेळा डोंगरात जाता, तर पहिली जात घ्या. स्वीडनमध्ये आर्येप्लोगला नोकरी लागली, जिथे गाड्यांच्या कंपन्या गोठलेल्या तलावांवर चाचण्या घेतात, तर दुसरी.

ऑल सीझन टायर शहरात ठीक आहेत, डोंगर आणि हिमकणाचं चिन्हही बहुतेकांवर असतं. पण ३४० घोड्यांच्या गाडीला ते ना उन्हाळ्यात शोभतात ना खिंडीत. मी घेणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट: वेगाचं अक्षर. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी अक्षराचा हिवाळी टायर जर्मनीत चालतो, पण तो वेग लिहिलेलं स्टिकर चालकाला दिसेल असं लावावं लागतं. फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनी पुढच्या आणि मागच्या टायरचा घेर जुळतोय याची खात्री करावी. बीएमडब्ल्यूसाठी तारा किंवा पोर्शेसाठी एन० असा शिक्का असलेले टायर घेतले की ही चिंता मिटते.

आता रस्ता. सगळ्यात वाईट पट्टा बर्निनावर असेल असं भावाला वाटत होतं. तो निघाला फर्नपासवर, जेमतेम १२०० मीटर उंचीवर. तापमान शून्याच्या आसपास, वरून ओला बर्फ, ट्रकांनी घुसळलेला करडा चिखलबर्फ आणि दोन चाकोऱ्यांच्या मधे त्याचीच वरंब्यासारखी रांग. लेन बदलताना पुढची चाकं त्या रांगेवर चढली की स्टिअरिंग क्षणभर हलकं पडतं. तिथे हळू, सरळ आणि ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून जायचं. शून्याजवळ बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून तो सर्वांत निसरडा. दुसऱ्या दिवशी एंगाडिनमधल्या सामेडानला सकाळी उणे १७ होतं आणि रस्ता पांढराशुभ्र, दाबून बसलेला, चाकाखाली करकरणारा. त्या रस्त्यावर गाडी कितीतरी विश्वासाने चालली. थर्मामीटरवरचा आकडा खाली गेला म्हणून धास्तावू नका. उणे २ ते अधिक २ हा पट्टा दिसला की मात्र सावध व्हा, विशेषतः पुलांवर आणि जंगलाच्या सावलीत.

कडक थंडीत मीठही फारसं काम करत नाही, म्हणून वरच्या खोऱ्यात खडी टाकतात. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवलं तर काच आणि बॉनेट दोन्ही वाचतं.

म्युनिकच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हवा भरून निघालेले एक गोष्ट विसरतात. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण ०.१ बारने कमी होते. तळघर ते सामेडान हा फरक जवळजवळ ०.३ बारचा झाला. पोचल्यावर दुसऱ्या सकाळी, गाडी हलवण्याआधी, हवा तपासून भरा.

बर्निनाचा चढ, २३२८ मीटरपर्यंत, सोपा गेला. इंजिनाचा टॉर्क अगदी कमी फेऱ्यांवर येतो, म्हणून गाडी इको प्रो मोडवर ठेवली, म्हणजे पाय दाबला तरी ताकद हळू येते, आणि थांबून निघताना दुसरा गिअर घेतला. स्थिरता नियंत्रण, म्हणजे डीएससी, सार्वजनिक रस्त्यावर पूर्ण बंद कधीच करायचं नाही. खोल बर्फातून बाहेर पडताना किंवा साखळी लावलेली असताना डीटीसी मोड घ्यावा. तो चाकांना थोडं फिरू देतो, नाहीतर गाडी जागच्या जागी गुदमरते. जड बॅगा डिकीत आणि टाकी भरलेली ठेवली, मागच्या चाकांवर वजन आलं.

"ताई, फोर व्हील ड्राइव्ह असती तर मी निवांत झोपलो असतो," भाऊ वर पोचल्यावर म्हणाला.

"चढताना झोपला असतास. उतरताना ती गाडीही चार टायरांवरच थांबते. आता उतरायचंय, जागा राहा."

हे नुसतं बोलायचं म्हणून नाही, गणित आहे. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायर रस्त्याला किती धरतो त्याचा आकडा, ०.९ धरला तर ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण १६ मीटरमध्ये थांबते. चांगल्या हिवाळी टायरवर, दाबलेल्या बर्फावर हा गुणांक ०.२५ च्या आसपास धरा: ५७ मीटर. आता तोच रस्ता १० टक्के उतरता करा. गाडीचं वजनच तुम्हाला खाली ओढतं आणि अंतर ९४ मीटर होतं. फोर व्हील ड्राइव्ह या हिशेबात कुठेच येत नाही. वेग ४० वर आणा, ९४ चे ४२ होतात. खिंडीपलीकडच्या पोशियाव्होकडे उतरताना सपाट पट्ट्यांवर ४०, वळणाआधी २०, असंच आम्ही आलो, आणि मागे कोणी चिकटलं की जागा बघून त्याला पुढे सोडलं.

आपल्याकडे घाटात शिकवतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. वरंधा, ताम्हिणीला हे सोन्यासारखं आहे. बर्फावर मागच्या चाकांच्या गाडीला त्यात एक भर घालावी लागते: इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. उतारावर वळणाच्या मधोमध एकदम खालचा गिअर टाकला तर मागची चाकं घसरतात आणि शेपूट बाहेर येतं. म्हणून गिअर सरळ रस्त्यावरच, एकेक करून, हलक्या हाताने कमी करायचा, वेग वळणाआधीच उतरवायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा. पुढची चाकं सरळच जायला लागली तर स्टिअरिंग आणखी वळवू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग थोडं परत आणा, पकड येते. शेपूट गेलंच तर नजर जिथे जायचंय तिथे, स्टिअरिंग घसरण्याच्या दिशेला, ब्रेकवर पाय नाही. थांबायचंच असेल तर ब्रेक पूर्ण दाबा, एबीएस खडखडू द्या.

हे सगळं वाचून अंगात येत नाही. जर्मनीतली एडीएसी आणि ऑस्ट्रियातली ओएएमटीसी या वाहनचालकांच्या संघटनांची हिवाळी प्रशिक्षणं असतात, आणि शेजारच्या इटलीत लिविन्योला खास बर्फाचा ट्रॅकच आहे. विम्यात काय येतं, ते जाण्याआधी विचारून घ्या.

पिवळ्या भोंग्याचं चिन्ह असलेल्या स्विस डोंगरी रस्त्यांवर पोस्टबसच्या, म्हणजे तिथल्या प्रवासी बसच्या, चालकाचं ऐकायचं असतं. तो हाताने मागे व्हा म्हणाला की मागे व्हायचं. रस्त्याच्या कडेचे उंच खांब कशासाठी आहेत ते युलियरवर कळलं. २२८४ मीटरवर वाऱ्याने बर्फ आडवा वाहत होता आणि रस्त्याची कड फक्त त्या खांबांनीच सांगितली. फॉग लॅम्प लावून, हाय बीम टाळून खिंडीखालच्या बिवियो गावापर्यंत आलो. हाय बीम त्या पांढऱ्या धुरळ्यावरून परत डोळ्यांत येतो.

युलियर आणि बर्निना सहसा वर्षभर उघड्या असतात, पण वादळात तासन् तास बंद होतात. फ्लुएला, आल्बुला, स्टेल्वियो हिवाळ्यात बंद. जीपीएसने तिकडून जवळचा रस्ता सुचवला तरी दुर्लक्ष करा. निघण्याआधी टीसीएस या स्विस वाहनचालक संघटनेच्या यादीत खिंडींची स्थिती बघा. युलियर बंद असेल तर साग्लियाइन्सहून क्लोस्टर्सला गाडी रेल्वेवर चढवून वेराइना बोगद्यातून जाता येतं. कूरपासून हायवेला ४० फ्रँकची स्विस विग्नेट, म्हणजे हायवेच्या टोलचा परवाना, लागते. ब्रेगेन्झजवळ होहेनेम्स ते जर्मन सीमेपर्यंतच्या तुकड्याला मात्र ऑस्ट्रियाची विग्नेट लागत नाही.

गाडीत असायला हवं: उणे ३० पर्यंतचं काचेचं पाणी, लांब दांड्याचा ब्रश, छोटं फावडं, रबरी हातमोजे, ब्लँकेट, थर्मास, हेडलँप. छतावरचा बर्फ काढल्याशिवाय निघू नका. पहिल्या जोरदार ब्रेकला तो पुढच्या काचेवर येतो. साखळी घरच्या पार्किंगमध्ये एकदा लावून बघा. ती मागच्या चाकांना लावायची, निळ्या गोल फलकावर साखळी दिसली की लावायची आणि ५० च्या वर जायचं नाही.

परतल्यावर गाडीचं पोट आणि चाकांच्या कमानी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मीठ तिथेच बसतं. मोसम संपून चाकं काढताना कोणतं कुठे होतं ते खडूने लिहा. चारही एकाच मापाची असल्याने पुढची मागे घालता येतात, आणि मागची नेहमीच लवकर झिजतात. नक्षी ५ मिलिमीटरच्या खाली आली असेल तर पुढच्या हिवाळ्यात मधेच ती ऑस्ट्रियाच्या ४ च्या मर्यादेखाली जाईल असं धरून चाला आणि नवीन टायर सप्टेंबरमध्येच मागवा. पहिला बर्फ पडल्यावर म्युनिकमध्ये टायर बदलायला वेळ मिळणं मुश्कील होतं.