साप गुंडाळलेली चिमणी : आमची वाटचाल

तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची शेड आहे. राईस मिलची कामं करतो: हॉपर, एलिव्हेटर, सायक्लोन आणि बॉयलरच्या चिमण्या. बावीस वर्षं झाली. त्यातली एकवीस सांगण्यासारखी नाहीत. काम आलं, केलं, अर्धी उधारी बुडाली. सांगायचं आहे ते एका उन्हाळ्याचं.

सुरुवात साडभाऊ आणि मी मिळून केली. नागपूरच्या भंगारातून प्लेट वाकवून नळी करायचं, हाताने फिरवायचं तीन रोलचं मशीन आणलं होतं. जाड प्लेट घातली की चार माणसं चाकाला लटकायची. वरचा रोल मधोमध थोडा झिजलेला, म्हणून प्रत्येक नळीच्या पोटाला किंचित फुगा यायचा आणि आमचा मिस्त्री तो घणाने बसवायचा. ते मशीन मी अजून विकलं नाही.

एका उष्णा (धान उकडून तांदूळ काढणाऱ्या) मिलच्या शेठनी आमच्याकडून साठ फुटी चिमणी घेतली. व्यास 600 मिलिमीटर, ताणाचे तार नाहीत, कारण खाली ट्रक वळायचे. पावसाळ्यातली वादळं तिने आरामात काढली. मग पुढच्या वर्षी मृगाच्या आधी पश्चिमेचा एकसारखा वारा सुटला. जोराचा नव्हे, धान उपणायला बरा असतो तसला. आणि चिमणी डोलायला लागली. मिस्त्री ओळंबा धरून उभा होता. म्हणाला, "भाऊ, वारा पच्छिमेचा हाये अन् चिमणी उत्तर-दक्षिण डोलते. असं कसं जी?"

तिसऱ्या दिवशी बुडाच्या फ्लँजजवळ (बोल्ट बसतात त्या कड्याजवळ) वेल्डिंगला केसाएवढी चीर दिसली. मिल बंद.

शेजारच्या तालुक्यातल्या एका ठेकेदाराने आठवड्याभरात सगळीकडे पसरवलं की आम्ही चार मिलिमीटरची प्लेट लावून सहाचे पैसे घेतले. हातातल्या तीन ऑर्डरी गेल्या. बँकेचे हप्ते थकले आणि साडभाऊ वेगळा झाला. (नातेवाइकासोबत धंदा करायचाच असेल तर पहिल्या दिवशी स्टॅम्पपेपर करा. राग येऊ द्या त्याला.)

शेठ मात्र म्हणाले, "चिमणी तुम्हीच उभी केली, तुम्हीच नीट करा." आगाऊ पैसेही दिले. त्या माणसाच्या मिलचं काम मी आजही मजुरीच्या भावात करतो.

नागपूरच्या एका कॉलेजातल्या सरांनी कोडं सोडवलं. गोल नळीवरून वारा गेला की मागे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरे सुटतात आणि नळीला आडवे झटके बसतात. विजेच्या तारा वाऱ्यात गुणगुणतात ते याच भोवऱ्यांमुळे. स्ट्रोहल नावाच्या शास्त्रज्ञाने 1878 साली हे मोजलं होतं. आमच्या चिमणीचा स्वतःचा हेलकावा सेकंदाला पावणेदोन. त्याला 0.6 मीटर व्यासाने गुणा, 0.2 ने (हा गोल नळीसाठी स्ट्रोहलच्या नावाचा आकडा) भागा: सेकंदाला सव्वापाच मीटर, म्हणजे ताशी 19 किलोमीटरचा वारा. तेवढाच वारा सुटला की भोवऱ्यांचा ठेका आणि चिमणीचा ठेका जुळतो. वादळ येतं आणि तो वेग ओलांडून जातं. प्लेट जाड केली असती तरी हेलकाव्याचा वेग फारसा बदलला नसता. हे त्या ठेकेदाराला कोण सांगणार!

उपाय इंग्लंडमध्ये स्क्रूटन आणि वॉल्श या संशोधकांनी 1950 च्या दशकातच काढलेला. वरच्या एक तृतीयांश उंचीवर, स्क्रूच्या आट्यांसारख्या तीन पट्ट्या. पट्टीची उंची व्यासाच्या दहाव्या भागाएवढी, एका वेढ्याची चढण व्यासाच्या पाचपट. हमालांनी एका हैशावर जोर लावला तर वॅगन सरकते, ज्याने त्याने आपापला हैशा दिला तर जागची हलत नाही. तसंच इथे: पट्ट्यांमुळे प्रत्येक उंचीवर भोवरा वेगळ्या बाजूला, वेगळ्या वेळी सुटतो.

सरळ पट्टी नळीवर गुंडाळून उभी राहत नाही, वाकडी होते. ती आधीच चंद्रकोरीसारखी कापावी लागते. आमच्या मापाला आतली त्रिज्या 1060 मिलिमीटर आली. मिस्त्रीने खिळा, दोरी आणि खडूने पत्र्यावर कमान मारली आणि त्याचा फर्मा कापला. 60 मिलिमीटरच्या पट्ट्या, दोन-दोन वेढे. नळीचा घेर तीन भागात वाटून आधी नुसते टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारले, ओळ डोळ्याने पाहिली, मग वेल्डिंग. गावातली पोरं हसली, चिमणीला साप गुंडाळले म्हणून. पुढच्या मृगाला लोक बघायला आले. चिमणी हलली नाही.

आता तुम्हीही लावणार असाल तर बुडाचे बोल्ट आधी तपासा. पट्ट्यांनी आडवं डोलणं थांबतं, पण वाऱ्याचा समोरचा दाब वाढतो. दोन चिमण्या जवळजवळ असतील तर पट्ट्यांवर फार विसंबू नका.

त्या ठेकेदाराने दोन वर्षांनी पट्ट्या लावल्या, त्याही खालच्या भागाला, रंग देऊन. ही युक्ती आपलीच, असं तो आजही सांगतो. गेल्या वर्षी त्याचा मुलगा आमच्या शेडवर आला, फर्मा मागायला. तो भिंतीवरच टांगलेला होता. मिस्त्रीने त्याला चहा पाजला आणि फर्म्यावर आपला टॉवेल वाळत घातला.