हायकूच्या बीटा ५ वर मराठी तपासताना

सप्टेंबर २०२४ मध्ये हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमची पाचवी बीटा, म्हणजे पक्की होण्याआधी चाचणीसाठी दिलेली आवृत्ती आली, तेव्हा घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ती बसवून बघायचं मी ठरवलं. मला प्रोग्रामिंग येत नाही. माझं काम मुद्रितशोधनाचं. पडद्यावरची मराठी कुठे मोडली आहे हे डोळ्यांना आपोआप दिसतं, आणि कच्च्या आवृत्तीला अशा डोळ्यांचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटत होतं.

हायकू म्हणजे लिनक्सचा आणखी एक प्रकार नव्हे. तिचं मूळ बीओएसमध्ये आहे. ॲपलमधून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये ‘बी’ नावाची कंपनी काढली आणि ध्वनी, चित्रफिती यांची कामं सहज पेलेल अशी अगदी नवी सिस्टिम, म्हणजे बीओएस, लिहून घेतली. १९९६ च्या अखेरीस ॲपलला बाहेरून तयार सिस्टिम हवी होती, तेव्हा बीओएसचं नाव पुढे होतं. पण ॲपलने स्टीव्ह जॉब्झ यांची नेक्स्ट ही कंपनी घेतली. २००१ मध्ये बीची मालमत्ता पाम कंपनीकडे गेली आणि बीओएस थांबली. त्याच वर्षी काही स्वयंसेवकांनी ती सिस्टिम मुळापासून पुन्हा लिहायला घेतली. आधी तिचं नाव ओपनबीओएस होतं, २००४ पासून हायकू. पहिली अल्फा, म्हणजे बीटाच्याही आधीची कच्ची आवृत्ती, २००९ मध्ये आली, पहिली बीटा २०१८ मध्ये. अजून ‘आर १’, म्हणजे पहिली पक्की आवृत्ती, यायची आहे. इतकी वर्षं लोक नोकऱ्या सांभाळून एक अख्खी सिस्टिम लिहीत राहतात, याचं मला फार अप्रूप आहे.

बसवण्याचं काम सोपं गेलं. साधारण दीड जीबीची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर लिहिली, लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारं सिक्युअर बूट बंद केलं आणि पेनड्राइव्हवरून मशिन सुरू केलं. पडद्यावर छोटी चित्रं एकेक करून उजळत जातात आणि शेवटचं उजळलं की डेस्कटॉप समोर. सुरुवातीलाच भाषा निवडायची खिडकी येते आणि तिथेच दोन वाटा असतात: नुसतं वापरून बघा किंवा डिस्कवर बसवा. आधी मी बराच वेळ पेनड्राइव्हवरूनच वापरलं. वायफाय आणि आवाज दोन्ही चालतात हे पाहिलं आणि मग डिस्कला हात लावला. कोणी करून बघणार असेल तर याच क्रमाने करा. डिस्कवर बसवताना ड्राइव्हसेटअप या प्रोग्राममध्ये हायकूच्या बी फाइल सिस्टिमचं विभाजन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, तयार करावं लागतं, आणि नव्या मशिनवर सिस्टिम सुरू करून देणारी बूट फाइल ईएफआय विभाजनात, म्हणजे मशिन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या डिस्कच्या भागात, आपल्या हातांनी ठेवावी लागते. सोबतच्या मार्गदर्शिकेत ते नीट लिहिलेलं आहे.

वेग सगळ्यात आधी जाणवतो. याच लॅपटॉपवर इतर सिस्टिम धापा टाकत चालायच्या; इथे खिडक्या बोट उचलायच्या आत उघडतात. खिडकीचं शीर्षक पूर्ण रुंदीचं नसतं, वर एक पिवळी पट्टी असते. विंडोज कळ दाबून धरून ती पट्टी ओढली की दोन खिडक्या एकमेकींना चिकटतात आणि मग एकत्र हलतात. डावीकडे स्कॅन केलेलं मूळ पान, उजवीकडे टाइप केलेला मजकूर, आणि दोन्ही जोडलेलं. ज्याने मुद्रितं तपासली आहेत त्याला याची किंमत सांगायला नको. भाचा येऊन बघून गेला. “मावशी, हे तर खूप जुनं दिसतंय,” म्हणाला. दिसतं तसं खरं, पण पडद्यावरची प्रत्येक गोष्ट काय करते हे लगेच कळतं.

कच्ची आवृत्ती वापरताना अपडेटची धास्ती असते. हायकूत सिस्टिमच्या फाइली पॅकेजच्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याच्या, आतूनच वाचल्या जातात आणि त्या फक्त वाचण्यापुरत्या खुल्या असतात. त्यामुळे अपडेट म्हणजे जुनं पॅकेज बाजूला ठेवून नवं जोडणं. जुनी अवस्था जपून ठेवलेली असते. मशिन सुरू होताना स्पेसबार दाबून धरला की बूटच्या यादीतून आधीची अवस्था निवडून तिच्यात जाता येतं. मी एकदा मुद्दाम मागे जाऊन पाहिलं आणि परत पुढे आले. इतकी निर्धास्त सोय मी दुसरीकडे वापरलेली नव्हती. उणीवही सांगायला हवी: लॅपटॉपचं झाकण मिटून त्याला झोपवणं या बीटात जमत नाही. काम झालं की मी मशिन बंद करते. ते चालूही झटकन होतं.

मला मात्र सगळ्यात जास्त ओढ होती ती बी फाइल सिस्टिमची. दोमिनिक जांपाओलो यांनी रचलेल्या या पद्धतीत प्रत्येक फाइलला हवी तेवढी माहिती चिकटवून ठेवता येते आणि ती माहिती डेटाबेससारखी शोधता येते. माझ्याकडे जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं आहेत. मी ‘दिवाळी अंक’ असा नवा फाइल प्रकार केला. त्याला अंकाचं नाव, वर्ष, संपादक, लेखक असे रकाने दिले. फोल्डरच्या खिडकीत हे रकाने तक्त्यासारखे दिसतात आणि तिथल्या तिथे बदलता येतात. शोध एकदा जपून ठेवला की तो जिवंत राहतो: नवी फाइल अटीत बसली की आपोआप यादीत येते. एक लक्षात ठेवा. नव्या रकान्याची अनुक्रमणिका आधी बनवून घ्यायची, कारण आधीपासून असलेल्या फाइली तिच्यात आपोआप शिरत नाहीत. त्यांच्यासाठी रीइंडेक्स नावाची वेगळी आज्ञा आहे.

आणि याच तक्त्यात मराठी मोडलेली दिसली.

मुंबईच्या एकटाइपचा ‘मुक्ता’ हा मोफत फॉण्ट मी बसवला होता. अक्षरं सुरेख दिसत होती, पण ‘दिवाळी’मधली पहिली वेलांटी द च्या आधी न येता त्याच्यानंतर, म्हणजे व च्या डोक्यावर. ‘सत्यकथा’मध्ये त खाली पाय मोडलेला आणि य वेगळा. रफार तर नाहीच. ‘वर्ष’ लिहिलं की र, हलन्त आणि ष शेजारी शेजारी. मौज अशी की शोध बिनचूक चालत होता. ‘दिवाळी’ टाइप केलं की बरोबर त्याच फाइली समोर. म्हणजे साठवण अगदी शुद्ध होती, चुकत होतं ते फक्त रेखाटन.

कारण समजून घेतलं ते असं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतपद्धतीत, अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात: आधी द, मग वेलांटी. पडद्यावर काढताना वेलांटी पुढे नेणं, जोडाक्षरं जुळवणं, रफार वर चढवणं हे सगळं फॉण्टमधल्या नियमांनुसार एका वेगळ्या यंत्रणेला करावं लागतं. अँड्रॉइड, क्रोम, लिबर ऑफिस यांच्यात हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रामांना वापरता येणारा तयार भाग, करते. हायकूचा स्वतःचा रेखाटन-भाग एका अक्षराला एक आकार असं धरून चालतो. रोमन लिपीचं त्यात काही अडत नाही. म्हणूनच एक विलक्षण दृश्य दिसतं. हायकूवर लिबर ऑफिस उघडलं की आतला मराठी मजकूर शुद्ध, आणि त्याच खिडकीच्या पिवळ्या पट्टीवरचं फाइलचं नाव मोडलेलं. आतलं लिबर ऑफिस काढतं, वरचं हायकू काढते. या एका पडदाचित्रात सगळी अडचण दिसते, म्हणून ते मी जपून ठेवलं.

विंडोजवर हे सुख आपल्याला मिळालं ते विंडोज २००० पासून, आणि त्यातला ‘मंगल’ हा देवनागरी फॉण्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केलेला. त्यामागे मराठी डोळा होता. हायकूमागेही तो असावा असं मला वाटलं.

चुका नोंदवण्याच्या ठिकाणी भारतीय आणि इतर जटिल लिप्यांचा प्रश्न आधीच मांडलेला होता. नवी तक्रार काढण्यापेक्षा मी त्यातच भर घातली. ‘मराठी चुकीची दिसते’ एवढ्याने काही होत नाही. सिस्टिमच्या माहितीच्या खिडकीतला आवृत्तीचा नेमका क्रमांक, फॉण्टचं नाव, पडद्याचं चित्र, आणि त्याच्या शेजारी तोच शब्द कसा दिसायला हवा त्याचं चित्र, हे सगळं दिलं. शब्द विचार करून निवडले: किल्ली, विद्यार्थी, श्रद्धा, क्षितिज, राष्ट्र. आणि खास मराठीसाठी दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर. हा ऱ्य हिंदीत लागत नाही. फक्त हिंदी शब्दांवर चाचणी घेतली तर तो सुटून जाणार हे नक्की. त्यात तो दोन पद्धतींनी साठवता येतो, नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन किंवा साध्या र च्या हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्ही नमुने दिले. काही फॉण्टांत मराठीसाठी ल आणि श यांचे वेगळे आकार असतात आणि मजकूर मराठी आहे हे यंत्रणेला सांगितलं तरच ते येतात, हेही लिहिलं.

टाइप करण्यासाठी कीमॅप या कळांची मांडणी ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये स्वतःचा इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांच्या ठराविक मांडणीचा, तक्ता केला. अक्षरांच्या यादीतून एकेक अक्षर ओढून कळेवर सोडायचं, इतकं ते सरळ आहे. क्ष आणि ज्ञ यांच्या तयार कळा मी केल्या नाहीत; क, हलन्त, ष असंच टाइप करते.

हायकू लिहिणाऱ्यांकडून उत्तर आलं ते अतिशय आपुलकीचं. काम एका जागेचं नाही हे तिथे समजलं. शब्दाची रुंदी मोजणारी बीओएसच्या काळातली व्यवस्था प्रत्येक अक्षराची वेगळी रुंदी मागते, आणि ‘द्ध्य’मध्ये वेगवेगळ्या रुंदी सांगणार कशा? त्याच मोजणीवर कर्सर, मजकुराची निवड, ओळ तोडणं सगळं उभं आहे. जुने बीओएसचे प्रोग्राम चालत राहावेत हे तर आर १ चं ध्येयच आहे, त्यामुळे ती व्यवस्था उपटून टाकता येत नाही. मग मला विचारलं गेलं: जोडाक्षरात कर्सर कुठे थांबावा? बॅकस्पेसने काय पुसलं जावं?

इतकी वर्षं मराठी टाइप करून हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मग लिबर ऑफिसमध्ये आणि फोनवर करून पाहिलं, टंकलेखन करणाऱ्या मैत्रिणींनाही विचारलं. बाणाची कळ पूर्ण ‘क्ष’ ओलांडून जावी, यावर सगळ्यांचं एकमत. बॅकस्पेसवर मात्र दोन तट पडले. पुष्कळांना शेवटचं ष तेवढंच जायला हवं, कारण ‘क्ष’चं ‘क्य’ करायला तेच सोयीचं. फोनवर लिहिणाऱ्या एकीला सगळं जोडाक्षर गेलेलं आवडतं. दोन्ही मतं कारणांसकट मी लिहून पाठवली आहेत. आता ओळीच्या शेवटी लांब शब्द कुठे तोडावा याचे नमुने गोळा करते आहे. कोणाकडे अरुंद स्तंभातली, दोन ओळींत तुटलेल्या लांब सामासिक शब्दांची जुनी पानं असतील तर मला हवी आहेत.