कोणाची गं तू?

बारशाला एक तरी आत्या अशी असतेच, की जी पाळण्यात वाकून, दुपटं बाजूला करून निकाल देते. "नाक मामाचं. कान मात्र आपल्याकडचे." बाळाचं नाव काय ठेवलं, हे ती नंतर विचारते. कधी कधी विचारतही नाही.

गेलं वर्षभर मी त्या आत्याच्या नजरेनं सायकली बघतोय.

निमित्त झालं ४० डॉलरचं. इथे ओहायोत, डेटनच्या बाहेर, एका शेतावरच्या घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं. कोठाराच्या माळ्यावर कोंबड्यांच्या खुराड्यामागे ही उभी होती. तडकलेले जाडजूड टायर, गंजाखाली कुठेकुठे जांभळट तांबडा रंग आणि उचलताना कंबरेला जाणवेल असं वजन. रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली.

"अरे, ही तर लेडीज सायकल! आणि ब्रेक कुठायत तिला?"

आईच्या दोन्ही शंका रास्त होत्या. आपल्याकडच्या जुन्या सायकली इंग्रजी वंशाच्या. हर्क्युलिस म्हणा, रॅले म्हणा, काळ्या, उंच, २८ इंची चाकांच्या, हँडलखालून सळयांचे ब्रेक गेलेल्या. मी साताऱ्यात तसल्याच सायकलीवर नळीतून पाय घालून शिकलो. अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या सायकलीचा ब्रेक मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, पोटात असतो. पायडल उलटं दाबायचं, की चाक थांबतं. टायर बदलून पहिल्या उतारावर निघालो तेव्हा माझी बोटं इमानाने त्या सळया शोधत राहिली. शेजाऱ्यांचं कुंपण लाकडी होतं, हे नशीब.

मग प्रश्न पडला, ही आहे कोणाची? हँडलखालच्या उभ्या नळीवर, म्हणजे सायकलीच्या कपाळावर, कंपनीचा पितळी बिल्ला असतो. हिच्या कपाळावर नुसती दोन भोकं, एकाखाली एक. बिल्ला केव्हाच पडलेला.

मला वाटलं, बिल्ला असता तर काम सोपं होतं. तसं ते नसतंच. युद्धापूर्वीच्या अमेरिकी सायकलीवर (इथे युद्धापूर्वी म्हणजे साधारण १९४२ च्या सुरुवातीपर्यंत) बहुधा विकणाऱ्याचं नाव असतं, घडवणाऱ्याचं नाही. सीअर्स या मोठ्या दुकानवाल्या कंपनीची सायकल 'एल्जिन'. पण सीअर्सचा सायकलीचा कारखाना नव्हताच. कुठली एल्जिन मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डची, कुठली क्लीव्हलंडच्या मरी कारखान्याची. माँटगोमेरी वॉर्ड या तशाच दुकानवाल्या कंपनीची 'हॉथॉर्न', तीही अशीच दोन-चार घरची. उलट शिकागोच्या श्विन कारखान्यातून निघालेली तीच सायकल कधी श्विनच्या, तर कधी ॲक्रनच्या गुडरिच या टायरवाल्या कंपनीच्या बिल्ल्याखाली विकली जायची.

म्हणजे कारखाना माहेर, दुकान सासर. हे माझ्या डोक्यात फार लवकर बसलं. माझी आजी माहेरची यमुना. लग्नात तबकातल्या तांदळावर अंगठीनं 'सुशीला' लिहिलं आणि यमुना संपली. पण तिचे भाऊ अंगणातून यायला लागले, की कोणीही ओळखावं. सगळ्यांची चाल एकच, डावा खांदा जरा पुढे.

सायकलींचीही चाल बघावी लागते. जाडा टायर आहे म्हणजे १९३३ नंतरची, कारण श्विनने तो त्या वर्षी आणला. आधी रिमला चिकटवलेले बारीक टायर असत आणि पंक्चर काढणं म्हणजे शिक्षा. मंदीचे दिवस, मोठी माणसं मोटारीत बसलेली, सायकल घेणार ती मुलं. मुलांना हवी होती मोटारसायकल. मग सायकलीच्या दोन नळ्यांमध्ये खोटी पेट्रोलची टाकी आली. आत बॅटरी आणि एक हॉर्न, बस्स! १९३४ च्या श्विन एरोसायकलची टाकी विमानाच्या धडासारखी. पुढच्याच वर्षीच्या एल्जिन ब्लूबर्डने तर दिवा आणि स्पीडोमीटर टाकीतच बसवले. मोनार्कची सिल्व्हर किंग ॲल्युमिनियमची, तिला रंगाची गरजच नाही. मला विचाराल तर ब्लूबर्ड जरा जास्तच नटलेली आहे. पण समोर आली, की मीही तोंड उघडं टाकून बघतो.

दिवा, सीट, पायडल, ब्रेक यांचा ओळखीला उपयोग कमी. ते बाहेरून यायचे आणि एकाच कंपनीचे पाच जणांना जायचे. माझा भरवसा होता तो चेनव्हीलवर, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चक्रावर. प्रत्येक कारखान्याची त्यातली जाळी निराळी आणि हिच्या चेनव्हीलमध्ये बदामाचे आकार कापलेले. हे श्विनचं घराण्याचं लक्षण, म्हणून मी खुशीत होतो. तेवढ्यात जुन्या सायकलींच्या बाजारात एक म्हातारबुवा भेटले. त्यांनी चेनव्हीलकडे पाहिलंसुद्धा नाही. अमेरिकी सायकलीचा क्रँक, म्हणजे पायडलं धरणारा दांडा, एकाच वाकवलेल्या गजाचा असतो, त्यावर कोणाचंही चेनव्हील पाच मिनिटांत चढतं. "हे म्हणजे टोपी बघून माणूस ओळखणं झालं," असं काहीसं ते पुटपुटले. सायकल उलटी केली, मागच्या चाकाचा नट बसतो त्या खाचेवरून अंगठा फिरवला, सीटखालचा सांधा चाचपला आणि म्हणाले, "शिकागो."

मग मागच्या, मॉरो कंपनीच्या हबवरचा गंज त्यांनीच घासला. एक अक्षर, एक आकडा. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. १९३८, तिसरी तिमाही. अर्थात चाकही बदललेलं असू शकतं. फ्रेमवरचा क्रमांक तारेच्या ब्रशनं उजळला, तोही स्वच्छ निघाला. पण शिकागोच्या त्या जुन्या वह्या १९४८ च्या आगीत गेल्या. क्रमांक आहे, तो कुठे बघायचा ते नाही.

जाता जाता बुवांनी सल्ला दिला, की दिवा आणि सीट काढून घे, जेन्ट्स सायकलीला लागतील, फ्रेम टाकून दे. लेडीज सायकलींचं इथे हेच होतं. जास्त संख्येने टिकल्या, किंमत कमी, म्हणून त्यांचे भाग उपसून भावांची डागडुजी करायची. मी मान डोलावली आणि सायकल आवरून घेतली.

शेजारच्या टेबलावर बिल्ल्यांचा डबा होता. कुठलाही उचला, १५ डॉलर. मी खिशातून टेप काढून दोन भोकांमधलं अंतर मोजलं आणि डबा पालथा केला. त्या मापाचे तीन निघाले, तीन वेगळ्या दुकानांचे. एकेक करून कपाळाला लावून पाहिला. तिन्ही चपखल बसले.

तिन्ही डब्यात परत टाकले आणि डाव्या पायडलचे रबर घेऊन घरी आलो.