रिंग न वाजताच व्हॉइसमेल

आपल्याकडे फोन लागला नाही तर कारण कळायला वेळ लागत नाही. 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती...' सुरू झालं की समजायचं, फोन बंद आहे नाहीतर गडी जोतिबाच्या डोंगरावर रेंजबाहेर गेलाय. नुसतीच रिंग वाजत राहिली तर उचलत नाही, थोड्या वेळाने परत लावायचा. अमेरिकेत मात्र फोन बंद असो, रेंज नसो, मालक झोपलेला असो की त्याने तुम्हाला ब्लॉक केलेलं असो, व्हॉइसमेलवरची, म्हणजे फोन न लागल्यास निरोप रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या सोयीतली, तीच बाई इंग्रजीत निरोप ठेवायला सांगते. लावणाऱ्याला काही उमगत नाही, आणि ज्याला लावला त्याला कधीकधी फोन आल्याचाही पत्ता नसतो.

मार्चमध्ये आमच्या आबांचं हेच सुरू झालं. आबांकडे बटणांचा साधा फोन, त्यावर आयएसडी चालू. व्हॉट्सॲप आईकडे आहे, पण आबांना ते 'बायकांचं' वाटतं. सकाळी रंकाळ्यावर फेरी, येताना गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, मग शिवाजी पेठेत घरी येऊन पावणेआठला मला इकडे न्यू जर्सीत फोन, असा त्यांचा नेम. तो लागेना. शेवटी आईच्याच व्हॉट्सॲपवरून करवादले, "अरं, रिंगच वाजंना! लावला की ती बाईच बोलालीया. बॅलन्स जातोय त्यो येगळाच."

बॅलन्सचं त्यांचं खरं होतं. व्हॉइसमेलने फोन घेतला म्हणजे कंपनीच्या हिशेबी तो उचलला गेला, मीटर सुरू. एक रिंग देऊन कट करायची आपली मिस्ड कॉलची युक्तीही इथे फुकट, कारण कट करायला रिंगच मिळत नाही.

असं झालं की चार ठिकाणांहून सल्ले येतात. फोन रिसेट कर, सिम बदल, नेटवर्क सेटिंग्ज उडव. माझं मत असं की यातलं काहीही करण्याआधी फोनमधली आलेल्या कॉलची यादी उघडावी. नेटवर्क सेटिंग्ज उडवल्या तर घरादाराचे वाय-फाय पासवर्ड पुन्हा घालत बसावं लागतं, आणि हाती बहुतेक वेळा काही लागत नाही. यादी मात्र बरंच सांगून जाते. त्यात कॉलची नोंद असेल, तर कॉल तुमच्या फोनपर्यंत पोचला होता आणि फोननेच तो गप्प केला. नोंदच नसेल, तर कॉल वाटेतच वळला किंवा तो नंबर ब्लॉक केलेला आहे.

आबांच्या कॉलची नोंद होती. रोजची, रात्री सव्वादहाची. तिथेच उलगडा झाला. हिवाळ्यात कोल्हापूर न्यू जर्सीच्या साडेदहा तास पुढे असतं, त्यामुळे त्यांचे पावणेआठ म्हणजे माझे रात्रीचे सव्वानऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे सरकतात, अंतर साडेनऊ तासांवर येतं आणि तेच पावणेआठ सव्वादहावर येतात. माझ्या आयफोनचा झोपेचा फोकस, म्हणजे ठरलेल्या वेळी फोन गप्प ठेवणारं सेटिंग, दहाला सुरू होतो. आबांनी वेळ बदलली नाही, मी सेटिंग बदललं नाही, बदललं ते इथलं घड्याळ.

फोकसमध्ये एक सोय असते. ती चालू असेल तर त्याच माणसाने तीन मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला की तो वाजतो. पण आबा बाईचा आवाज ऐकून फोन ठेवणार, चहा घेणार, पेपर चाळणार, मग पुन्हा लावणार. आता त्यांचा नंबर फोकसमध्ये परवानगीच्या यादीत टाकलाय. नंबर सेव्ह करताना अधिक ९१ लावलेलं बरं, नाहीतर ओळखीचाच माणूस फोनला अनोळखी वाटू शकतो. तासभर लवकर लावता का, असंही विचारून पाहिलं. "घड्याळ तुमचं सरकलंय, म्हस कशी लवकर पिळायची?" यावर कोण बोलणार!

दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे अनोळखी नंबर गप्प करण्याचं सेटिंग. आयफोनमध्ये ते २०१९ पासून आहे. इथे फसवणुकीचे कॉल इतके येतात की अनेकांनी ते चालू करून ठेवलेलं असतं. मग दवाखान्याचा, पार्सलवाल्याचा, मुलाखतीचा, सगळे फोन मुकाट व्हॉइसमेलवर. नोकरी शोधत असाल तर ते आधी बंद करा. शिवाय मोबाइल कंपन्याही आपल्या पातळीवर संशयास्पद कॉल अडवतात, आणि परदेशातून येणारा कॉल त्या चाळणीत अडकू शकतो. असा कॉल वाटेतच अडवला गेला तर यादीत दिसत नाही.

यादी कोरी असेल तर कॉल फॉरवर्डिंगही, म्हणजे आलेला कॉल दुसरीकडे वळवण्याची सोयही, बघावं. मुळात व्हॉइसमेल म्हणजे फॉरवर्डिंगच: उचलला नाही, बिझी आहे किंवा रेंज नाही, तर कॉल तिकडे पाठव. सरसकट सगळे कॉल वळवलेत का, हे बऱ्याच नेटवर्कवर स्टार-हॅश-२१-हॅश डायल करून बघता येतं. इथल्या प्रत्येक कंपनीत हा कोड चालेलच असं नाही. याच सोयीचा भारतात इतका गैरवापर झाला की १५ एप्रिल २०२४ पासून कोड डायल करून फॉरवर्डिंग सुरू करण्याची सेवा सरकारने थांबवायला लावली. तरीही आईला सांगून ठेवलंय, कुणी फोनवर स्टार ४०१ ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितला तर सरळ फोन ठेवायचा. आपले कॉल, त्यातून येणारे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याकडे वळवायचा तो डाव असतो.

विद्यार्थ्यांची अडचण निराळीच. इचलकरंजीहून शिकायला आलेला एक पोरगा घरून आणलेलाच फोन वापरत होता. रेंज फुल, इंटरनेट सुसाट, व्हॉट्सॲप झकास, पण त्याला कुणी साधा फोन केला की थेट व्हॉइसमेल. इथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, आणि आता आवाजाचे कॉल मुख्यतः फोरजीवरून, म्हणजे व्होल्टीवर चालतात. त्याच्या मॉडेलचं व्होल्टी त्याच्या कंपनीच्या नेटवर्कवर चालत नव्हतं. वाय-फाय कॉलिंग चालू केल्यावर निदान खोलीवर तरी त्याला फोन येऊ लागले. ऑगस्टमध्ये कुणी यायच्या तयारीत असेल तर राजारामपुरीत नवा फोन घेण्याआधी इथे कुठल्या कंपनीचं सिम घेणार ते ठरवा, आणि तिच्या वेबसाइटवर त्या फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकून तपासा. तो नंबर बॉक्सवरच छापलेला असतो. दुकानदार बॉक्स दाखवायला नाही म्हणत नाही.