पिल्सनरला लपायला जागा नसते

आज दिवसभर जर्मन पद्धतीच्या पिल्सनर, म्हणजे फिकट रंगाच्या बिअर, चाखून गुण देत बसलो होतो. ऐकणाऱ्याला चैन वाटेल, पण काम डोकं खाणारं आहे. स्टाउटसारख्या काळ्या बिअरमध्ये भाजलेल्या माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, आड बरंच काही खपून जातं. इथे सगळा कारभार उघड्यावर.

एका ग्लासचं रूप झकास होतं. फिकट पिवळा रंग, आरपार स्वच्छ, वर पांढराशुभ्र दाट फेस. नाक जवळ नेलं तर उकडलेल्या मक्याचा वास! वॉर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचा माल्टचा गोड काढा, नीट खळखळून उकळला नाही किंवा सावकाश थंड झाला की हा वास मागे राहतो. दुसरीत लोण्याचा वास. तिथे बहुतेक यीस्टला शेवटची साफसफाई करायला वेळच दिला नव्हता.

मग एक आली, आणि टेबलावरची बडबड थांबली. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, फुलांसारखा, किंचित मसालेदार वास, आधी ब्रेडची हलकी चव, मागून रेंगाळणारा कडवटपणा आणि शेवट एकदम कोरडा. मी ५० पैकी ४२ दिले. शेजारचे परीक्षक म्हणाले, "कडवट जरा जास्तच आहे." अहो, जर्मन पिल्स आहे ही! १८४२ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनला योसेफ ग्रोल या बिअर बनवणाऱ्याने केलेली मूळ पिल्सनर माल्टकडे झुकणारी. जर्मनांनी ती आणखी कोरडी, फिकट केली आणि कडवटपणा पुढे आणला. बराच वाद झाला. शेवटी ते दोन गुणांनी वर आले, मी मात्र ४२ वरून हललो नाही.