बंदुकीचा डॉक्टर सापडला

आज शेजारच्या आजोबांसोबत पेन्सिल्व्हेनियातल्या एका आडगावी जाऊन आलो. त्यांच्या वडिलांची विंचेस्टर मॉडेल 12, सोळा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) पंप शॉटगन, दुरुस्त करायची होती. हे मॉडेल 1912 साली आलं, नेहमीचं उत्पादन 1964 मध्ये थांबलं. आता जुने सुटे भाग शोधत फिरा!

दुकानं बरीच, पण बहुतेकांचा एकच मंत्र: घासून पॉलिश करू, नवं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा तो निळसर-काळा थर, चढवू. हा कारागीर मात्र वेगळा निघाला. बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, नळी सोडवली आणि आधी चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीतली जागा, मोजलं. सोळा बोअरच्या सुरुवातीच्या मॉडेल 12 मध्ये ते 2 9/16 इंचांचं असायचं, आजचं काडतूस 2 3/4 इंचांचं. म्हणजे बसतं, पण उडाल्यावर त्याचं तोंड नीट उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. आजोबा गपकन खाली बसले. वर्षानुवर्षं तीच काडतुसं वापरत होते!

ब्लूइंगला त्याने साफ नकार दिला. पॉलिशने कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात आणि संग्राहकांच्या लेखी किंमतही उतरते. मला तर शस्त्रांचं काडीचंही वेड नाही, पण त्याचे हात बघत बसलो.

कधी मिळेल विचारलं, तर म्हणाला, यंदाचा शिकारीचा हंगाम विसरा.